जीपमध्ये गेली, सर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलाजवळ नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हा मनातल्या मनात दुसरंच काहीतरी भरभर बोलून घेते, म्हणजे हे वर यायला जागा उरू नये. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

नीट सांगता येईल की नाही, ते मात्र माहीत नाही. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, म्हणजे बोलण्यावरच जगले. पण या गोष्टीपाशी आले की जीभ जड होते. याआधी कितीदा तरी स्वतःलाच सांगून पाहिली ही गोष्ट, आणि दर वेळी ती अशी काही वळवली की शेवटी मीच बिचारी ठरायची. आज तसं होऊ द्यायचं नाही.

मध्य प्रदेश नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. राजधानी भोपाळला गेली, आणि आमच्या इंदुरात घरोघरी तोच एक विषय. आम्ही छत्रीबागेत राहत होतो. आजोबा दरबारच्या घोडदळात होते, वडील महसूल खात्यात. आता आपलंही ऑफिस भोपाळला जाणार का, ही चिंता रोज रात्री ताटाबरोबर वाढली जायची. अशा दिवसांत आमच्या कॉलेजात ऑनर्सचा वर्ग सुरू झाला. इतिहासाला आम्ही मोजकीच मुलं. त्यात मुली दोनच — मी आणि शरयू.

शरयू आमच्याच भागातली, दोन गल्ल्या पलीकडची. तिचे वडील, नाना, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. घर लहान, माणसं बरीच. तिच्याकडे दोनच साड्या होत्या कॉलेजात नेसायच्या, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. आम्ही रोज बरोबर जायचो, बरोबर यायचो. ती माझी मैत्रीण होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की नव्हती.

ऑनर्सचा वर्ग म्हणजे खरं तर देवस्थळी सरांचा वर्ग. पेपर लिहायला पुस्तकं पुरतात, ते म्हणायचे, शहाणं व्हायला कान आणि डोळे लागतात. मग आमचे कान-डोळे तयार करण्याचा त्यांनी जणू विडाच उचलला. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी ग्रामोफोन. गणपतीत मोठ्या गवयाचं गाणं असलं की आदल्या दिवशी सर आम्हाला तो राग समजावून सांगायचे आणि मग पुढच्या सतरंजीवर नेऊन बसवायचे. एकदा त्यांनी खेड्यातून माळवी भजनं म्हणणारी माणसं बोलावली, एकदा एका चित्रकाराच्या खोलीवर नेलं. तिथे रंगाचा वास इतका होता की माझं डोकं दुखायला लागलं आणि शरयू मात्र हलायलाच तयार नव्हती. आमच्या घरात यातलं काहीच नव्हतं हो. गाणं म्हणजे आरती, चित्र म्हणजे कॅलेंडर. एक दार उघडलं होतं. आणि त्या दारातून शरयू माझ्यापुढे चालली होती — हे मला दिसत होतं. मी सरांचा शब्दन् शब्द पाठ करायची. ती काही पाठ करायची नाही. ती नुसती बघत बसायची, आणि मग असं काहीतरी विचारायची की सर बोलता बोलता थांबायचे.

तुम्हाला असं कधी झालंय? जिच्या वेणीला तुम्ही सकाळी रिबीन बांधून दिलीत, तिच्याकडेच दुपारी तुम्हाला बघवत नाही?

त्या हिवाळ्यात दिल्लीला एक शिबिर होतं. देशभरातल्या कॉलेजांतून निवडलेली मुलं येणार, महिनाभर राहणार. संग्रहालयं, नाटकं, उत्खननाच्या जागा, मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं. आमच्या वर्गातून एकालाच पाठवता येणार होतं. सरांनी सांगितलं, आधी मांडूला जाऊ. तिथे प्रत्येकानं एकेका इमारतीपाशी उभं राहून बोलायचं. मग ठरवू.

मी दिल्ली पाहिली नव्हती. मी उज्जैन आणि देवास सोडून काहीच पाहिलं नव्हतं. वडील म्हणाले होते, तुझी निवड झाली तर पाठवीन. एवढं म्हणाले होते त्यांच्यासारखा माणूस! मी पंधरा दिवस दुसरा विचार केला नाही.

मांडूला आम्ही भाड्याच्या बसनं गेलो. बरोबर एक जीपही होती. मुली आहेत म्हणून संस्कृतच्या जोगळेकर मॅडमना सरांनी बोलावलं होतं, आणि मॅडमना बसचा त्रास व्हायचा. जेवणाचे डबेही जीपमध्येच. मी जहाजमहालापाशी बोलले. सनावळी, सुलतानांची नावं, कुणी काय बांधलं — सगळं बिनचूक. सर म्हणाले, "उत्तम." मला कळलं की ते पाठांतराला उत्तम म्हणाले.

शरयूची पाळी शेवटी आली, नीलकंठला. तुम्ही गेला असाल तर माहीत असेल — रस्त्यावरून काहीच दिसत नाही, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. जुना महाल, आत महादेव, आणि पुढे खोल दरी. अंगणात दगडात कोरलेली नागमोडी पन्हळ आहे. त्यातून पाणी फिरत फिरत जातं. शरयूनं एकही सन सांगितला नाही. ती म्हणाली, "सर, एक मिनिट कुणी बोलू नका." मग तिनं एक वाळलेलं पान त्या पन्हळीत सोडलं. पाणी थोडंसंच होतं. ते पान वळणं घेत घेत निघालं आणि आम्ही सगळे — वर्गातली दांडगट मुलंसुद्धा — वाकून त्याच्याकडे बघत राहिलो. पान पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, "ज्यानं हे केलं त्याला पाणी नको होतं सर, पाणी तर सरळ पाटातूनही आलं असतं. त्याला उशीर हवा होता."

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शरयू, नानांना विचार. दिल्लीला जायचंय तुला."

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी मीच वाजवल्या.

मॅडमचं डोकं दुखत होतं, त्या जीपनं आधीच निघाल्या. आम्ही पायऱ्या चढून वर बसकडे आलो. शरयू माझ्यापाठोपाठ येत होती. अर्ध्या पायऱ्यांवर थांबली. म्हणाली, "निमा, मी एकदा परत बघून येते गं. पन्हळीचं चित्र काढून घेते, नानांना दाखवायला. सरांना सांग, मी खाली आहे, लगेच आले." आणि ती उड्या मारत उतरली. तिला एवढा आनंद झाला होता की तिला सरळ चालताच येत नव्हतं.

ऊन उतरायला लागलं होतं. ड्रायव्हर वैतागला होता. "साब, अब निकलो. घाट में अंधेरा हो गया तो मेरी जिम्मेदारी नहीं." मुलं आत चढून जागेसाठी भांडत होती. सर दारात उभे राहून डोकी मोजत होते. मोजता मोजता थांबले.

"शरयू कुठाय?"

मी खिडकीशी बसले होते. आता विचार करते, त्या वेळी माझ्या मनात काय होतं? काही होतं का? घाबरू दे जरा, असं होतं. एवढं कौतुक झालंय ना, घाबरू दे थोडी. असंही होतं की बस हलली की ती पळत येईल, सगळे हसतील, सर चिडतील. दिल्लीला जाणाऱ्या मुलीनं असं वागावं का, म्हणतील. एवढंच. याच्यापुढचं काही होतं, असं मला वाटत नाही. पण वाटत नाही म्हणजे नव्हतंच, असं कुठे असतं?

मी म्हणाले, "ती जीपमध्ये गेली, सर."

"न सांगता?"

"डोकं दुखत होतं मॅडमचं. सोबत म्हणून गेली."

बघा, दुसरं वाक्य मला कुणी मागितलंही नव्हतं. ते आपोआप आलं, आणि पहिल्यापेक्षा चांगलं आलं.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बस निघाली. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती पायऱ्यांच्या डोक्यावर दिसली असती, हे मला माहीत होतं. म्हणूनच पाहिलं नाही. पुढे तिनं नानांना सांगितलं म्हणे, की हॉर्न ऐकून ती धावत वर आली होती, ओरडली होती, आणि नुसती धूळ उरली होती.

इथपर्यंतचं मी कधीकधी स्वतःला माफ करू शकले आहे. एकोणीस वर्षांची पोर, हेवा वाटला, तोंडातून निघून गेलं. असं म्हणता येतं. पण घाट उतरलो, तेव्हा मी सांगू शकले असते. धारला बस थांबली. सगळे उतरले, गरम कचोऱ्या घेतल्या. सर माझ्या शेजारी उभे होते. मला म्हणाले, "निमा, तूही छान बोललीस हं. वाईट वाटून घेऊ नकोस." त्यांनी स्वतः मला चहाचा ग्लास आणून दिला. बोलायला याहून चांगली वेळ कुठली? मागे फिरलो असतो तर रात्र पडायच्या सुमारास पोचलो असतो. थोडं रागावले असते. मी चहा घेतला. म्हटलं, "नाही सर, वाईट कशाला वाटेल?" आणि बसमध्ये जाऊन बसले. मुलं गाणी म्हणत होती. मीही म्हटली.

तेव्हा पहिल्या खोट्याला क्षणभराचं म्हणता येईल. धार ते इंदूर हा रस्ता क्षणभराचा नाही.

तरी तेही खरं पाप नव्हे. थांबा, सांगते.

कॉलेजच्या फाटकाशी नाना उभे होते. सायकल धरून. हॅन्डलवर शरयूची शाल टाकलेली, थंडी वाढली म्हणून घरून आणली होती. सर उतरले आणि म्हणाले, "शरयू केव्हाच आली असेल, जीपनं आली ती." नाना म्हणाले, "जीप तर येऊन गेली. मॅडम एकट्याच होत्या."

सगळे माझ्याकडे वळले. बसच्या दाराशी मी उभी. सरांचा चेहरा मला आजही दिसतो. राग नव्हता त्यावर. ते नुसते विचारत होते, "निमा?"

आणि मी म्हणाले, "तिनंच सांगितलं मला. म्हणाली, मी जीपनं जाते, सरांना सांग."

हे ते वाक्य. तुम्हाला कदाचित यात फारसं काही दिसणार नाही. मलाही त्या क्षणी दिसलं नव्हतं. मी फक्त स्वतःला सोडवत होते. पण नीट बघा, मी काय केलं. तोवर शरयू चुकून मागे राहिलेली मुलगी होती. त्या वाक्यानंतर ती खोटं सांगून मागे राहिलेली मुलगी झाली.

नाना आणि सर तशाच थंडीत भाड्याची जीप करून परत मांडूला गेले. शरयू नीलकंठच्या पुजाऱ्याच्या घरी होती. त्याच्या बायकोनं तिला भाकरी खाऊ घातली होती, आपल्याजवळ निजवलं होतं. सकाळी तिला घेऊन आले तेव्हा तिला ताप होता. बस, एवढंच घडलं. त्याहून काहीही घडलं नाही. पण एकदा प्रश्न उभा राहिला की मुलीनं खोटं का सांगितलं, तेव्हा उत्तर शोधायला सगळी छत्रीबाग निघाली. कुणासाठी राहिली? जीपचं नाव करून कुणाबरोबर फिरली? वर्गातल्या एका मुलाचं नाव घेतलं गेलं. तो तर बसमध्ये माझ्यापुढेच बसला होता! मी तेसुद्धा म्हणाले नाही. कुणी विचारलंच नाही, असं मी मनाला सांगितलं.

शरयू एकच सांगत राहिली, मी निमाला म्हटलं होतं, खाली आहे, लगेच येते. तिचा शब्द आणि माझा शब्द. माझे वडील महसुलात, माझ्या आईला सगळा गाव ओळखायचा, आणि मी तर कधी खोटं न बोलणारी मुलगी. ड्रॉइंग मास्तरच्या पोरीचं कोण ऐकणार?

सरांनी मला एकदा विचारलं. लायब्ररीत, कपाटाआड. हळू आवाजात.

"निमा, नक्की तसंच म्हणाली ती?"

"हो सर."

"ऐकण्यात काही चूक?"

"नाही सर."

ते काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्या घरी कितीदा गेले, पण त्यांनी पुन्हा माझ्याशी आपणहून संभाषण असं केलं नाही. त्यांना कळलं होतं का? आजही मी हा प्रश्न उलटसुलट करून बघते. कळलं असेल तर ते गप्प का राहिले? आणि नसेल कळलं, तर शनिवारी ग्रामोफोन लावायचं त्यांनी का थांबवलं?

प्रिन्सिपॉलनी मुलींच्या सहली बंद केल्या. गाण्याच्या बैठकाही गेल्या, मुलींसाठी. पुढच्या वर्षी ऑनर्सला ज्या मुली आल्या, त्यांना त्या उघड्या दाराचा पत्ताच लागला नाही. त्या वर्गात बसल्या, नोट्स उतरवल्या आणि घरी गेल्या. त्यांतल्या कुणाचं मला नावही आठवत नाही.

शरयूचं कॉलेज सुटलं. नानांनी सोडवलं नाही. तिच्या काकांनी, उज्जैनचे होते, त्यांनी येऊन सगळं हातात घेतलं. खंडव्याचं स्थळ काढलं. बिजवर, एक मुलगा पदरी. फार चौकशी न करणारं घर हवं होतं, ते मिळालं.

लग्नाच्या आधी ती आमच्याकडे आली. दुपारची वेळ, आई शेजारी गेली होती. शरयू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. ती रोड झाली होती. मला वाटलं, आता ओरडेल, शाप देईल. मी तयारही होते. खरंच सांगते, तिनं मला तिथे एक थोबाडीत मारली असती तर मी सगळं बोलून मोकळी झाले असते, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आता तेही वाटत नाही.

ती म्हणाली, "निमा, मी खूप विचार केला. मुलं किती गोंधळ करत होती ना तिथे? आणि मी उतरता उतरता बोलले. तुला नीट ऐकू आलं नसेल. हो ना? तू एवढंच सांग सगळ्यांना, की ऐकण्यात चूक झाली असेल. तुला कुणी काही म्हणणार नाही."

कळलं तुम्हाला? मी जे केलं होतं त्यातून बाहेर पडायची वाट तीच मला काढून देत होती. मला खोटारडी ठरवायचं तिच्या मनातही नव्हतं. नुसतं बहिरी व्हायचं होतं मला, क्षणभर. मी बहिरी झाले असते तर ती सुटली असती.

पण दिल्लीची जागा माझी झाली होती. वडिलांनी प्रवासासाठी नवी पेटी आणली होती. आणि चूक झाली म्हटलं तर लोक विचारणार, मग इतके दिवस ठामपणे का सांगत होतीस?

मी म्हणाले, "नाही गं शरयू. तू जीपच म्हणालीस. मला स्वच्छ आठवतंय."

आणि मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले.

मी तिला ओळखत होते. तिला राग आला की तिचे कान लाल व्हायचे. तसं काही झालं नाही. तिच्या कपाळावर आठी पडली, हिशेब न जुळल्यावर पडते तशी. मग ती हळूच म्हणाली, "अस्सं? मग म्हणाले असेन मी. एवढी खूश होते ना… काय म्हणाले कुणास ठाऊक."

आणि गेली.

होय, मी दिल्लीला गेले. महिनाभर राहिले. सगळं पाहिलं, सगळं ऐकलं. तिथल्या ओळखीतून पुढे एम.ए., मग नोकरी, मग विभागप्रमुख. मी जे काही आहे ते त्या महिन्यावर उभं आहे. माझ्या हाताखाली ऑनर्सच्या कितीतरी तुकड्या गेल्या. मुलींना नाटकाला नेलं, गाण्याला नेलं, सांचीला नेलं. लोक म्हणायचे, मॅडम मुलींसाठी किती करतात. मांडूची सहल निघाली की मात्र माझा गुडघा दुखायचा. आणि वर्गात एखादी मुलगी काही सांगायला लागली की मला तिचा आवाज ऐकू यायचा बंद व्हायचा — ओठ हलताना दिसायचे फक्त. डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम आहेत.

मला वाटत होतं, मी तिचं शिक्षण घेतलं, दिल्ली घेतली, मनासारखं लग्न घेतलं. हे कमी नाही. पण मला पुरतं कळायचं होतं अजून.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर इंदूरजवळ राऊ गावी एका लग्नाला गेले होते. एक बाई जवळ येऊन बसली. चाळिशीची, हसरी. बोलता बोलता निघालं, ती शरयूची मुलगी. इंदुरातच, अन्नपूर्णा भागात राहते, आईही आता तिच्याकडेच असते. मला ओळखल्यावर तर तिनं हातच धरला. "मावशीजी, तुम्ही निमा मावशी? आई कित्ती सांगते तुमचं! तो मांडूवाला किस्सा तर आमच्याकडे फेमस आहे. आईची आदतच ना ती, बोलते एक आणि करते एक. पप्पा नेहमी चिडवायचे, तुझी आई तर मांडूमध्ये स्वतःच स्वतःला विसरून आली. तिचा ना स्वतःवर भरोसाच नाही हो. दूधवाल्याला काय सांगितलं, तेपण आम्हाला विचारते — 'मी खरंच असं म्हणाले ना गं?' शेवटची बात आमचीच मानते. लहानपणी आम्ही फायदा घ्यायचो. म्हणायचो, आई, तूच तर हो म्हणाली होतीस! की लगेच मान्य." ती खळखळून हसली. मीही हसले असेन.

तिनं मला माफ केलं नव्हतं. रागही धरला नव्हता. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. जन्मभर.

मी अन्नपूर्णाला गेले एकदा. शरयू म्हातारी झाली होती, पण हसणं तेच. तिनं मला मिठी मारली. चित्रं काढतेस का, विचारलं, तर म्हणाली, "छे गं, मला कुठे नीट दिसायचं! मला वाटायचं एक, असायचं भलतंच." नातवंडं येत-जात होती. आम्ही दोघीच उरलो असाही थोडा वेळ होता. मी वाक्य जुळवलं होतं घरून. 'शरयू, तू जीप म्हणाली नव्हतीस.' किती लहान वाक्य आहे. तिनं माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले, म्हणाली, "तुझी आठवण मात्र पक्की हो. पहिल्यापासून." मी पोहे संपवले. रिक्षा बोलवायला सांगितलं.

त्यानंतर ती दोनेक वर्षं होती. इथे, याच गावात. मी पुन्हा गेले नाही.

तेराव्याला तिची लेक म्हणाली, "मावशीजी, तुम्ही आईच्या सगळ्यात जुन्या मैत्रीण. दोन शब्द बोला ना." खोली भरलेली होती. मी उभी राहिले. मी छान बोलते. आयुष्यभर तेच केलं. ऑनर्सचा वर्ग सांगितला, गाण्याच्या बैठका सांगितल्या, तिची बुद्धी सांगितली. ती आमच्या सगळ्यांत हुशार होती, हेही सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या. मी जरा थांबले, तेव्हा सगळ्यांना वाटलं मला गहिवरून आलंय. मी ते वाक्य बोलले नाही. खाली बसले.

लेकीनं पुढे येऊन वाकून नमस्कार केला. मी करू दिला.